कडूबा मिस्त्रींनी बसवलेलं हेड

९ फेब्रुवारी १९७९, शुक्रवार

काल फर्दापूरचा दर गुरुवारचा दवाखाना आटोपून येताना घाटात गाडी उकळली. पुढून वाफ, मागून पांढरा धूर. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून अजिंठा गावापर्यंत ओढून दिली. तिथून पुढं एस.टी. सिल्लोडपर्यंत उभ्यानं आले. डॉक्टर झाल्यापासून अशी वेळ पहिल्यांदाच आली.

आज कडूबा मिस्त्री स्वतः जाऊन गाडी घेऊन आले. दुपारी पैठण गेटमागच्या त्यांच्या गॅरेजवर गेले. हेड उघडावं लागेल म्हणाले. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण. ते आणि खालचा भाग यांच्यामध्ये पातळ पत्र्यासारखी गॅस्केट असते, ती जळली आहे.

"चार दिसांत देतो, बाई. तुमी काळजी नका करू."

आमचे यजमान अनंतराव म्हणाले, विकून टाक आता ती अ‍ॅम्बेसिडर. गाडी दादांची, माझ्या वडिलांची आहे. दादांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या गाडीला आजवर कडूबा मिस्त्रींखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. मला चालवायला शिकवली तीही त्यांनीच, छावणीतल्या रस्त्यावर. लोक सायकली थांबवून बघायचे. मिस्त्री म्हणायचे, "बघू द्या त्यांना. तुमी रस्त्याकडं बघा."

१३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी मिळाली. आवाज एकदम गोड. मिस्त्रींनी मला तीनदा विचारलं, पाणी नेमकं कुठं उकळलं होतं. तीनदा सांगितलं, दुसऱ्या वळणावर. कामात असा काटेकोर माणूस आता मिळत नाही.

निघताना म्हणाले, "वकीलसाहेबांना म्हनाव, आता खुशाल मुंबईपत्तर न्या."

दादांना ते अजून वकीलसाहेबच म्हणतात, जणू दादा आत बैठकीत बसले आहेत. मला भरून आलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पुन्हा तेच. सपाटीवर काटा जागेवर, फुलंब्री, सिल्लोड सगळं ठीक. परतताना घाट चढायला लागले आणि काटा लाल पट्टीत. तीनदा थांबून, पाणी घालून चढवली.

मिस्त्री म्हणाले, थर्मोस्टॅट चिकटला असेल. तो काढूनच टाकला. म्हणजे आता पाण्याला कुठं अडायला नको.

"हेड नीट बसलंय ना?" मी सहज विचारलं.

ते दुखावले. "हेड मी बसवलंय, बाई. तीस वर्सं झाली बसवतोय."

मीच ओशाळले.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल परत. आता रेडिएटर उतरवला आहे. आतून गाळ निघाला म्हणाले, पण मला तर पाणी स्वच्छच दिसलं.

गॅरेजमध्ये मिस्त्रींची बायको सरूबाई बसलेली. वीस वर्षांत तिला तिथं कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीवर बसून लसूण सोलत होती, पण नजर सगळी नवऱ्याच्या हातांवर. त्यांनी पाना मागितला की ही उठून देणार. पान्यांना रंगीत दोरे बांधलेत, लाल, हिरवे, पिवळे. मी काही विचारलं की उत्तर हीच देते. मिस्त्रींनाही ते आवडत नसावं. एकदा तिच्याकडं असे बघत राहिले, की ही इथं कशी.

घरात काही बिनसलेलं दिसतं. म्हातारपणी संशय येतात माणसांना.

७ मार्च, बुधवार

आज विचित्र झालं. मागच्या गुरुवारी परत उकळली म्हणून रेडिएटर पुन्हा उतरवला होता. तो बसवून मिस्त्री गाडी फिरवून बघतो म्हणून अकरा वाजता निघाले, आणि तिथून थेट समर्थनगरला माझ्या घरी आणून लावणार होते. एक वाजला तरी पत्ता नाही. शेवटी गुलमंडीवरून एका कापडवाल्याचा फोन आला. दादांच्या वेळी आमचं भाड्याचं घर होतं, तिथं आता त्याचं दुकान आहे. म्हणाला, डॉक्टरीणबाई, तुमची गाडी दुकानासमोर तासभर उभी आहे आणि मिस्त्री आत बसून आहेत.

रिक्षा करून गेले. मिस्त्री स्टिअरिंगमागं शांत बसले होते. मला पाहून म्हणाले, "साहेबांची वाट बघून ऱ्हायलो."

शर्टाची बटणं एकाआड एक लावलेली, दाढी वाढलेली. अनंतरावांना सांगितलं तर म्हणाले, "पीत असणार. दुसरं काय." मला वास आला नव्हता. पण अशी माणसं वेलची खातात, हेही खरं.

वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर रागही आला. माझे रुग्ण खोळंबतात.

२३ मार्च, शुक्रवार

काल फर्दापूरला पन्नास जण. लक्ष्मीबाईला तपासलं. तिथल्या चतुराबाईची सून, वय बावीस. आधी दोनदा गर्भ पडलेला, यावेळी आठवा महिना लागला आहे. नवरा लेण्यांच्या पायथ्याशी सीताफळं, पेरू विकतो. रक्तदाब दीडशे–शहाण्णव, पायांना सूज. मीठ बंद केलं, गोळ्या दिल्या. पुढच्या गुरुवारी वाढलेला दिसला तर सरळ माझ्यासोबत शहरात आणायची, असं चतुराबाईला सांगितलं.

चतुराबाई म्हणाली, "तुमी गुरवारी येताल नव्हं?"

"येणारच. मी कधी चुकलेय का?"

येताना गाडी उकळलीच. थंडी संपली, आता उन्हाचंही निमित्त. मिस्त्री म्हणतात, वॉटर पंप गेला. मी विचारलं, "मागंच का नाही बघितलात?" त्यांनी सरूबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "बघितला व्हता बाई, तवा बरा व्हता."

२८ मार्च, बुधवार

गाडी तयार नाही. पंप काढला आणि त्याचे दोन बोल्ट सापडेनात. मी तावातावानं गॅरेजवर गेले. मिस्त्री गाडीखाली होते. सरूबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, एक इचारू का? मानसाला लई इसरायला व्हतं का हो कधी?"

मला पाच वाजता दवाखाना उघडायचा होता. म्हटलं, "वय झालं की होतं. बदाम द्या रोज भिजवून."

"बदामानं बरं व्हतं?"

"होतं हळूहळू. पण बोल्ट शोधा आधी."

ती डोकं हलवून आत गेली.

२९ मार्च, गुरुवार

फर्दापूर चुकलं. अनंतराव सकाळी म्हणाले, "एस.टी.नं जा की." त्यांना काय जातंय बोलायला. औषधांच्या दोन पेट्या, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र घेऊन मी सिल्लोडला गाडी बदलत बसू का? एका आठवड्यानं काही बिघडत नाही.

दिवसभर घरी होते. कपाटं आवरली.

४ एप्रिल, बुधवार

गाडी मिळाली. नवा पंप, नवा पट्टा, नव्या नळ्या. आता बदलायचं काही उरलेलंच नाही. मिस्त्रींनी गाडीच्या नाकावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

६ एप्रिल, शुक्रवार

नीट लिहिते. क्रमानं.

काल साडेअकराला फर्दापूरला पोचले तर चतुराबाई रस्त्यावरच उभी होती. लक्ष्मीबाईला पहाटे आकडीचा एक झटका येऊन गेला होता. मी आत गेले आणि माझ्यासमोर दुसरा आला. इंजेक्शन दिलं. दाब एकशे नव्वद. पोटाला नळी लावली, ठोके लागले नाहीत. चहूबाजूंनी बाया रडत होत्या, काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. पुन्हा बघायला वेळ नव्हता.

मागच्या सीटवर निजवली. डोकं चतुराबाईच्या मांडीवर. जळगाव जवळ पडलं असतं, वाटेत चढही नाही. पण तिथं माझं ओळखीचं कोणी नाही. इथल्या मोठ्या दवाखान्यात मी शब्द टाकला तर लगेच घेतात. म्हणून घाटाकडं वळवली.

दुसऱ्या वळणावर काटा लालमध्ये गेला. मी थांबवली नाही. तिसऱ्यावर खाडकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. वाफेनं समोरचं काही दिसेना. सव्वाबाराचं ऊन, एक झाड नाही. लक्ष्मीबाईला तिसरा झटका आला. चतुराबाई पदरानं तिच्या तोंडावर वारा घालत राहिली. एरवी वर्दळीचा रस्ता, पण दोन मोटारी आल्या त्याही बाजूनं निघून गेल्या. तासाभरानं कापसाच्या ट्रकनं घेतलं.

चार वाजता दवाखान्यात. संध्याकाळी बाळंत झाली. मुलगा. मृत. अंगावरची कातडी सुटत होती. ड्यूटीवरचे डॉक्टर काहीतरी म्हणाले, मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते.

लक्ष्मीबाई वाचेल. शुद्धीवर आल्यावर तिनं कुशीत चाचपून पाहिलं.

तो एक तास. घाटातला तो एक तास मिळाला असता तर.

७ एप्रिल, शनिवार

सकाळी गॅरेजवर गेले. तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती, समोरचा पानवालाही होता. मला ते दिसत होतं, आणि तरी मी बोलले.

"मिस्त्री, दोन महिने झाले. रेडिएटर झाला, पंप झाला, सगळं झालं. तुम्हाला जमत नव्हतं तर सांगायचं होतं. तुमच्या हातानं एक लेकरू गेलं."

ते हात पुसत उभे राहिले. सरूबाई उठली. "बाई, जरा हळू बोला. पाया पडते."

"का हळू बोलू? कळू दे लोकांना."

मिस्त्री म्हणाले, "कुनाचं लेकरू?"

त्या प्रश्नाचा मला इतका संताप आला की उत्तर न देता निघाले. आपण काय केलं ते माहीत असून माणूस इतका कोरा कसा राहू शकतो? दादा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

बोलल्यावर मोकळं वाटायला हवं होतं.

१२ एप्रिल, गुरुवार

फर्दापूरला गेले नाही. गाडी घाटातून ओढून नानासाहेबांकडं टाकली आहे. एस.टी.च्या कार्यशाळेतली नोकरी सोडून रेल्वे स्टेशनजवळ स्वतःचं काम करतात. त्यांना म्हटलं, पहिल्यापासून सगळं उघडा.

कडूबा मिस्त्रींचं गॅरेज बंद आहे, असं अनंतराव म्हणाले. "बरी लाज वाटली," मी म्हटलं. अनंतराव माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तू असं बोलत नाहीस एरवी."

१६ एप्रिल, सोमवार

नानासाहेबांनी हेड उघडून मला बोलावलं. नवी घातलेली गॅस्केट, आता तीही जळलेली, हातात धरून दाखवली. तिला गोल भोकं असतात, काही मोठी, काही बारीक. त्यातून खालचं पाणी वर जातं आणि इंजिन थंड राहतं. पुढची बाजू कुठली, ते तिच्यावर ठोकून लिहिलेलं असतं. ती बाजू मागं बसवली होती. त्यामुळं पाण्याच्या निम्म्या वाटा बंद. सपाटीवर कसंबसं भागायचं, चढाला लागली की उकळायचीच. रेडिएटर बदला नाहीतर पंप, शंभर वर्षं बदलत बसलो असतो तरी उकळलीच असती.

"कोनी बसवली ही?"

"कडूबा मिस्त्रींनी."

नानासाहेब हसले. "नाय हो. कुनी शिकाऊ मानसानं बसवली असंल."

"त्यांनीच. त्यांच्याकडं दुसरं कोणी नाही."

ते गॅस्केट उलटसुलट करत राहिले. मग खाली ठेवून म्हणाले, "बाई, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. अंधारात नुसतं बोट फिरवून गॅस्केटची पुढची बाजू सांगायचे. कडूबा मिस्त्रीला काय झालंय?"

मी तशीच निघाले.

घरी येऊन ही वही फेब्रुवारीपासून वाचली. सगळं लिहिलेलं आहे. तीनदा विचारलेलं. दादा जिवंत असल्यासारखं बोलणं. गुलमंडी. बटणं. दोरे. माझ्याच अक्षरात. एखाद्या विद्यार्थ्यानं अशी टिपणं आणली असती तर मी दुसऱ्या पानावरच त्याला विचारलं असतं, निदान सांग.

१७ एप्रिल, मंगळवार

त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ. मिस्त्री खाटेवर बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले, ओळखलं असं वाटलं. मग गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले, "बसा. मालक बाहेर गेलेत."

मी समोर बसून विचारलं, आज वार कोणता. त्यांनी सरूबाईकडं पाहिलं. साल कोणतं, तर म्हणाले, "वकीलसाहेब जेलातून सुटून आले, ते साल." म्हणजे अठ्ठेचाळीस. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाच्या तुरुंगातून दादा सुटले, तेव्हा मिस्त्री चोवीस-पंचवीस वर्षांचे असतील. मी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाणी, घोडा, चावी. थोड्या वेळानं विचारलं तर एकही नाही. पण माझ्याकडं बघून इतके अपराधी हसले, की मला पुढचं विचारवेना.

स्वयंपाकघरात सरूबाईला विचारलं, किती दिवस झाले.

"दीड वरीस. आधी किल्ल्या इसरायचे. मंग रस्ता. मंग मी गॅरेजात बसाया लागले. त्यांचं नाव लई मोठं हो बाई, लोकांत कळू नये वाटायचं."

"मला का नाही सांगितलं?"

ती सरळ माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, तिच्या बोलण्यात दोष देणं अजिबात नव्हतं. "तुमी डॉक्टर. तुमी दर आठ दिसाला त्यांना बघत व्हत्या, बोलत व्हत्या. तुमी काय म्हनल्या नाय, म्हनून मला वाटलं लई मोठं नसंल. इचारलं तवा बदाम द्या म्हनल्या. रोज देते. सात घालते."

ओट्यावर वाटीत भिजत घातलेले बदाम होते.

निघताना तिनं दारापर्यंत येऊन सांगितलं, "बाकी समदं इसरतात. पर तुमी लेकरू गेलं म्हनल्या, ते ऱ्हायलंय. सकाळी उठले की इचारतात, माझ्या हातानं लेकरू गेलं म्हनं, कुनाचं? आपलं तर नाय ना? आमचं एक लहानपनी गेलेलं हाय, बाई. त्यांना वाटतं, तेच."

१९ एप्रिल, गुरुवार

एस.टी.नं फर्दापूरला गेले. सिल्लोडला गाडी बदलली. एक पेटी नेली, कंडक्टरनंच वर चढवली.

चतुराबाईच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी मी आले असते तर दाब कळला असता. एस.टी.नं येता आलं असतं, आले नाही. जळगावला नेता आलं असतं, नेलं नाही. आणि गाडीत ठेवण्याआधीच बाळाचे ठोके लागत नव्हते. कातडी सुटलेली म्हणजे ते आदल्या दिवशीच गेलेलं होतं. मला कळत होतं. मी ते कळू दिलं नाही, कारण घाटातला तास सोपा होता. तो दुसऱ्या कोणाचा तरी होता.

लक्ष्मीबाई आत भिंतीकडं तोंड करून निजली होती. ऐकत होती.

चतुराबाईनं एकदा आत सुनेकडं पाहिलं. मग म्हणाली, "पोरीला दूध येतंय. त्याचं काय करायचं, ते सांगा."

गोळ्या दिल्या. घट्ट फडकं बांधून दिलं. ती माझ्याकडं न बघता बांधून घेत होती.

२० एप्रिल, शुक्रवार

गॅरेजसमोरच्या पानवाल्याकडं गेले. त्या दिवशी जे जे हजर होते, त्यांतले दोघं तिथंच भेटले. सांगितलं की मी चुकीचं बोलले, मिस्त्री आजारी आहेत आणि ते बाळ गाडीमुळं गेलेलं नाही. पानवाला म्हणाला, "आम्हाला माहीतच होतं बाई, त्यांचं जरा सटकलंय ते." म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

तिथून मिस्त्रींकडं. खाटेजवळ जमिनीवर बसले, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसेल.

"मिस्त्री, ते लेकरू तुमच्या हातानं नाही गेलं. आधीच गेलेलं होतं. मी खोटं बोलले."

"खरं?"

"खरं."

त्यांचे खांदे खाली आले. असं वाटलं, कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं. सरूबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "मला लई घोर व्हता."

२१ एप्रिल, शनिवार

सकाळी आठला सरूबाईचा निरोप आला. मिस्त्रींनी उठल्या उठल्या पुन्हा विचारलं. कालचं पुसलं गेलं, माझं ते वाक्य मात्र तसंच आहे.

मी गेले. सांगितलं.

२ मे, बुधवार

नानासाहेबांनी गाडी दुरुस्त करून आणून दिली. काल सुटीच्या दिवशी घाट चढवून पाहिली, काटा हलला नाही. अनंतरावांना म्हटलं, आता विका. ते म्हणाले, "फर्दापूरला कशी जाशील?" म्हटलं, बसनं जातेय की.

मुंबईच्या तज्ज्ञांना पत्र टाकलं होतं, त्यांचं उत्तर आलं. औषध नाही. हे मला माहीत होतं, तरी पत्र दोनदा वाचलं. सरूबाईला सांगितलं, बदामांनी काही होणार नाही, मी त्या दिवशी उगाच बोलले. ती म्हणाली, "असू द्या. त्यांना आवडतात."

दवाखान्याआधी रोज तिकडं जाते. कधी ते मला ओळखतात, कधी नाही. विचारतात रोज. कुणाचं लेकरू, आणि माझ्या हातानं कसं गेलं. मी समोर बसून रोज तेच सांगते. ते रोज पहिल्यांदाच ऐकतात, आणि रोज त्यांचे खांदे तसेच खाली येतात. तेवढ्यापुरतं तरी त्यांना बरं वाटतं. मग चहा येतो. चहा संपेपर्यंत त्यांच्या कपाळावर परत आठी यायला लागते, आणि मी कप खाली ठेवून पुन्हा सुरुवात करते.

आज तीनदा सांगावं लागलं.